चरणांची चिंता वाहणारा गुरू

आज आषाढ शुद्ध पौर्णिमा, व्यासपूजेचा दिवस. घरोघरी पाट मांडले जातील, ताम्हण पुढे येईल, गुरूंच्या पादुकांना आणि घरातील वडीलधाऱ्यांच्या पायांना गंध-अक्षता लागतील. कारंजा ही श्रीनृसिंहसरस्वती स्वामींची जन्मभूमी ज्या वाशीम जिल्ह्यात आहे, तेथे गुरुचरणांची थोरवी कोणी कोणास सांगावी? देवाच्या पायी लीन व्हावे, गुरूच्या पायी मस्तक ठेवावे, पंढरीची वाट पायी चालावी, हीच आपली परंपरा. परंतु ज्याने स्वतः खाली बसून, समाजाने दूर लोटलेल्या माणसांचे पाय आपल्या हातांत घेतले आणि तेच आपले विद्यापीठ मानले, अशा एका गुरूचे स्मरण आज आम्ही करणार आहोत. त्याचे निमित्त मात्र आमच्या आसेगावातच घडले.

ज्येष्ठ-आषाढात शेगावहून पंढरपूरकडे जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून पुढे जाते. मालेगाव-रिसोडच्या वाटेवर दोन मुक्काम तरी पालखीबरोबर अनवाणी चालावयाचे, असा गावातील एका वृद्ध गृहस्थांचा नेम. त्यांना मधुमेह जडून पंधरा वर्षे झालेली. मागल्या एका गुरुपौर्णिमेस सुनेने पाद्यपूजेसाठी त्यांचे पाय ताम्हणात घेतले, पाणी घातले, आणि पाण्याला तांबूस झाक आली. कुंकू सांडले असेल असे तिला वाटले. पाय उलटून पाहिला, तो तळव्यात बाभळीचा काटा खोल मोडलेला, भोवती गरम सूज. म्हातारबाबा मात्र निवांत. "मले काई दुखत नाई, मंग काहून एवढं पाहून राह्यली, बाई?" असे ते हसून म्हणाले. सून ऐकणारी नव्हती. त्याच दुपारी तिने त्यांना दवाखान्यात नेले. काटा निघाला, पाय वाचला. तेथील डॉक्टरांनी एवढेच सांगितले, "बाबा, दुखत नाही, हेच तुमचे दुखणे आहे."

हे वाक्य आमच्या मनात रुतून बसले. त्याचा माग काढीत गेलो, तेव्हा तो थेट तमिळनाडूतील वेल्लोरला आणि डॉ. पॉल ब्रँड यांच्यापाशी जाऊन पोहोचला.

पॉल ब्रँड यांचा जन्म १७ जुलै १९१४ रोजी तमिळनाडूतील कोल्ली डोंगरांत झाला. आईवडील इंग्रज मिशनरी. त्या डोंगरांत बाल पॉल अनवाणी वाढला. नवव्या वर्षी शिक्षणासाठी त्याला इंग्लंडला धाडण्यात आले, आणि पुढे काही वर्षांतच वडील डोंगरातील तापाने गेले. तरुणपणी तो आधी सुतारकाम, गवंडीकाम शिकला, वैद्यकाकडे नंतर वळला. लंडनमध्ये महायुद्धाच्या धामधुमीत शल्यचिकित्सेत पारंगत होऊन १९४६ साली तो वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अध्यापक म्हणून रुजू झाला. त्याचा धर्म निराळा, भाषा निराळी. परंतु श्रीदत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले, तेव्हा त्यांत पृथ्वी होती, कबुतर होते, मधमाशी होती. जेथे शिकण्यासारखे आहे तेथे नमस्कार करावा, ही आपलीच शिकवण आहे.

वेल्लोरला आल्यावर थोड्याच दिवसांत डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी ब्रँड यांना चिंगलपुटचे कुष्ठधाम दाखविले. तेथे झडलेली बोटे आणि वाकडे झालेले पंजे पाहून त्यांनी विचारले, हे असे का होते? कॉक्रेन त्वचारोगाचे जाणकार. ते म्हणाले की, हाडे आणि स्नायू हा तुमचा प्रांत, आणि तुमच्या प्रांतातील कोणी येथे फिरकलेच नाही. ब्रँड यांनी एका रुग्णाच्या आखडलेल्या पंजात आपला हात दिला व दाबावयास सांगितले. त्या दुबळ्या दिसणाऱ्या हाताने असा काही आवळा दिला की, ते कळवळले. मांस सडलेले नव्हते, बळ गेलेले नव्हते. गेली होती ती फक्त जाणीव.

त्या काळी समज असा होता की, महारोगाने अंग आपोआप झडते. हा पूर्वजन्मीच्या पापाचा भोग होय, असेही लोक म्हणत. रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन यांनी १८७३ सालीच दाखविला होता, तरी लोकांच्या मनातील पाप काही जात नव्हते. ब्रँड यांना उत्तर मिळाले ते एका मुलाकडून. कोठाराचे गंजलेले कुलूप त्यांना उघडेना. रुग्णांपैकी एक मुलगा पुढे आला आणि त्याने किल्ली सहज फिरविली. खाली रक्ताचा थेंब पडला तेव्हा ब्रँड यांनी त्याचे बोट पाहिले. किल्लीने कातडी हाडापर्यंत कापली होती, आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. मग त्यांनी आपल्या आश्रमातील कारखान्यात काम करणाऱ्या रुग्णांची रोज तपासणी सुरू केली. प्रत्येक जखमेचे कारण हुडकावयाचे, हा नियम. कोठे गरम भांडे, कोठे हातोड्याचा दांडा, कोठे रात्री झोपेत उंदराने कुरतडलेले बोट. कारण सापडेपर्यंत ते स्वस्थ बसत नसत. अखेर सिद्ध झाले ते असे: रोग जाणीव हिरावून घेतो, अंग हिरावून घेतात त्या रोजच्या, न कळलेल्या जखमा. म्हणजे बोटांचे झडणे अटळ नव्हते. ते टाळता येणारे होते. शापाची भाषा संपली आणि काळजीची भाषा सुरू झाली.

पायांविषयी त्यांनी जे शिकविले ते प्रत्येक घराने ऐकण्यासारखे आहे. पायाचे शत्रू तीन. पहिला, काटा-खिळ्यासारखे टोकदार काही, ते एकदाच लागते आणि आत शिरते. दुसरा, घट्ट जोडा; त्याचा दाब थोडा, पण अखंड, म्हणून तेथील रक्तच थांबते. तिसरा सर्वांत कपटी. चालताना एकाच जागी पडणारा साधा दाब, पण तो हजारो वेळा. आपल्याला फोड येऊ लागला की, आपण नकळत लंगडतो, पाय तिरका टाकतो, वाटेत टेकतो. वेदनाच आपल्याला बसवते. जाणीव गेलेला माणूस मात्र त्याच चालीने, त्याच जागेवर भार देत चालत राहतो, आणि जागा फुटते. म्हणून वेल्लोरला दोन उपाय रुजले. फुटलेल्या तळव्याला प्लास्टर बांधून विश्रांती द्यावी, म्हणजे जखम आपोआप भरून येते, आणि बऱ्या झालेल्या पायाला बारीक बुडबुड्यांच्या मऊ रबराची चप्पल द्यावी, म्हणजे ती पुन्हा उघडत नाही. महागड्या औषधापेक्षा चांभाराचे कसब श्रेष्ठ ठरले. शल्यचिकित्सकाने चर्मकाराशेजारी बसून चप्पल बेतावी, याहून गुरुत्व ते कोणते?

वेदनेविषयी त्यांचा भाव कसा होता, हे एका प्रसंगावरून कळते. अमेरिकेचा दौरा करून ते लंडनला परतले होते. प्रवासाने आणि आजाराने शरीर थकलेले. रात्री मोजा काढताना टाच बधिर असल्याचे त्यांना आढळले. टाचणी टोचली, रक्त आले, वेदना नाही. आपल्यालाही कुष्ठ झाले, या कल्पनेने त्यांनी ती रात्र जागून काढली. पहाटे पुन्हा टाचणी टोचली आणि ते किंचाळले. दुखले! लांबच्या प्रवासात नस दबली होती, एवढेच. त्या सकाळी त्यांनी वेदनेबद्दल देवाचे आभार मानले. दत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत पंचविसावा जोडावयाचा झाला, तर आम्ही वेदनेला जोडू.

थोर गुरूची ओळख शिष्यांवरून होते. डॉ. मेरी वर्गीस ही त्यांची एक शिष्या. १९५४ मध्ये अपघातात तिच्या पाठीचा कणा दुखावला व कमरेखालचे अंग लुळे पडले. आयुष्य संपले असे तिला वाटत असता ब्रँड यांनी तिला सुचविले की, शस्त्रक्रिया बसूनही करता येतात. चाकांच्या खुर्चीत बसून तिने कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, पुढे वेल्लोरच्या पुनर्वसन विभागाची धुरा वाहिली, आणि १९७२ मध्ये तिला पद्मश्री मिळाली. जिचे स्वतःचेच पाय बधिर, तिने बधिर झालेल्या हातांना काम परत दिले. गुरूने शिष्याला याहून मोठे काय द्यावे?

विदर्भालाही ही वाट परकी नाही. मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवा आरंभिली. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि वरोड्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी आपले आयुष्य वेचले. तेथे रोज पाय धुतले गेले, जखमा बांधल्या गेल्या. आज कुष्ठरोग औषधाने पूर्ण बरा होतो. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत १९८० नंतर रूढ झाली. परंतु एकदा गेलेली जाणीव औषधाने बहुधा परत येत नाही. म्हणून रोग गेल्यावरही पायाची राखण आयुष्यभर करावी लागते.

वेल्लोरची ही विद्या आसेगावच्या त्या म्हाताऱ्यापर्यंत आली कशी? १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेतील कार्व्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात गेले. तेथे असे ध्यानी आले की, दीर्घकाळच्या मधुमेहातही पायांच्या नसा तशाच निकामी होतात आणि पाय तसेच फुटतात. कुष्ठरुग्णांच्या पायांनी शिकविलेले सारे मधुमेह्यांच्या पायांना लागू पडले. तळव्याला टेकवून जाणीव तपासण्याचा नायलॉनचा जो तंतू आज डॉक्टर वापरतात, त्याचे १० ग्रॅम दाबाचे प्रमाणही कार्व्हिललाच ठरले. आपल्या नागपुरात डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायाच्या चिकित्सेसाठी मोठे कार्य केले. डॉक्टर व परिचारिका यांच्या जोड्यांना पायाची निगा शिकविणारा जो उपक्रम भारतात आणि टांझानियात राबविला गेला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. गुरुपरंपरा म्हणतात ती हीच. एका हाताने दुसऱ्या हाती दिवा द्यावा.

८ जुलै २००३ रोजी डॉ. ब्रँड निवर्तले. त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला अवघे पाच दिवस राहिले होते.

आता थोडे आपल्या घराविषयी. अनवाणी वारी, अनवाणी प्रदक्षिणा, नवरात्रातील अनवाणी व्रत, या श्रद्धांचा आम्हांला आदरच आहे. परंतु ज्या पायाला तापलेली फरशी आणि गार फरशी यांतील भेद कळत नाही, त्या पायाने वैशाखातील देवळाच्या आवारात चालणे म्हणजे निखाऱ्यावर चालणे होय. माऊलीला लेकराच्या पायातील जखम हवी असेल काय? अशा भक्ताने सकाळच्या गारव्यात दर्शन घ्यावे, आवारात जाड सुती मोजे घालावेत, आणि वारीत मऊ तळव्याची चप्पल निःसंकोच वापरावी. आंघोळीचे पाणी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने पाहावे. जोडा घालण्यापूर्वी उलटा करून झटकावा. नवा जोडा संध्याकाळी घ्यावा, कारण तेव्हा पाय किंचित सुजलेला असतो. घट्टा पात्याने कापू नये. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायाची जाणीव तपासून घ्यावी. आणि जखम दिसली की, दुखत नाही म्हणून थांबू नये.

आसेगावच्या त्या घरी आता एक नवा नेम सुरू झाला आहे. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावून झाला की, नात आजोबांचे तळवे त्याच उजेडात पाहते. बोटांच्या बेचक्याही सोडीत नाही. आजोबा कधी कुरकुरतात, कधी आशीर्वाद देतात. ते यंदाही पालखीबरोबर चालले, पण पायांत चप्पल घालून.

वाचकहो, आज आपणही वडीलधाऱ्यांच्या पायांवर पाणी घालाल, गंध लावाल, मस्तक टेकवाल. मस्तक टेकविण्यापूर्वी क्षणभर तो पाय हातात घ्यावा आणि तळवा उजेडाकडे वळवून नीट पाहावा. ज्या गुरूने आयुष्यभर हेच केले, त्याची पूजा त्यातच होईल, आणि आपल्या घरातील पूज्य चरणही सुखरूप राहतील.