१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, पण चालतोय ६० वरच?

सोलापुरात बसून व्हॅलोरंट खेळणाऱ्यांसाठी जवळचा सर्व्हर मुंबईत, साधारण ४०० किलोमीटरवर. मॉनिटर बदलून पिंग कमी होत नाही. फरक पडतो तो चित्रात. ६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. म्हणजे मोठी उडी पहिलीच. त्यापुढे पैसे जास्त, फायदा थोडा. खोक्यावरच्या '१ एमएस'ला भुलू नका, तो आकडा बहुतेकदा कंपनीच्या सोयीच्या सेटिंगवरचा असतो. ग्राफिक्स कार्ड सेकंदाला १४४ फ्रेम देतंय का, हे आधी बघा. मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट स्वतः वाढवा. अनेकदा तो ६० वरच अडकलेला असतो. यादीत १४४ दिसतच नसेल, तर डिस्प्लेपोर्टची केबल लावून पाहा.