बाळापूरचा किल्ला: एक लेझर स्कॅन पुरेसा का नाही?

वऱ्हाडातला, मन आणि म्हैस नद्यांच्या बेचक्यातला बाळापूरचा विटांचा किल्ला अचलपूरच्या नवाब इस्माईल खानाने १७५७ मध्ये पूर्ण केला. अशा वास्तूची भिंत झुकते आहे का, हे पाहायला लेझर स्कॅनिंग उत्तम, पण ते ठरावीक काळाने पुन्हा व्हायलाच हवं. स्कॅनर सेकंदाला लाखो बिंदूंची अंतरं मोजून भिंतीचा त्रिमितीय नकाशा बनवतो. त्यावरून भिंत ओळंब्याबाहेर किती आहे हे कळतं. ती मुळातच तशी बांधली की आता सरकतेय, हे मात्र कळत नाही. त्यासाठी दोन्ही वेळी त्याच स्थिर खुणा वापरून दुसरा स्कॅन पहिल्याशी ताडायचा. मग काही मिलीमीटरचा फरकही दिसू शकतो. त्या खुणा भिंतीपासून दूर, पक्क्या जागी हव्यात. खूणच हलली तर सगळा हिशेब चुकतो.

वऱ्हाडात आणखी एक पेच आहे. इथली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे पायेही हलतात. मे महिन्यातला स्कॅन ऑक्टोबरशी ताडला, तर हंगामी हालचाल कायमची समजली जाईल. मे महिन्याची तुलना मे महिन्याशीच करावी.

भेगेवर काचेची पट्टी चिकटवली की भागतं, हा आक्षेप खर्चाच्या दृष्टीने रास्त आहे. पट्टी जरूर लावावी. पण ती त्या एका भेगेपुरतं सांगते. भेग न पडता फुगलेला बुरूज तिला दिसत नाही. खर्च वाचवायचा तर पहिला स्कॅन पूर्ण किल्ल्याचा आणि पुढचे फक्त संशयित भागांचे करावेत.