चिंचोके, काड्या आणि दहाचा गठ्ठा

बालवाडीतले मूल एक ते वीस घडाघडा म्हणते, म्हणून त्याला मोजता येते असे नाही. सात चिंचोके ओळीने मांडून मोजायला सांगितले की पुष्कळदा बोट पाचव्यावर असते आणि तोंडात आठ. एका वस्तूला एकच संख्या, हे आधी हाताला समजावे लागते. मोजलेला चिंचोका उचलून वाटीत टाकायला लावला की तोच दाणा दोनदा मोजला जात नाही. 'मग किती झाले?' असे विचारल्यावर मूल पुन्हा एकपासून सुरू करत असेल, तर शेवटी म्हटलेली संख्या म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेले नाही. तिथे बेरजेची घाई करू नये.

यापुढचा खेळ झाकाझाकीचा. पाच चिंचोके मोजायचे, काही वाटीखाली लपवायचे आणि 'आत किती?' विचारायचे. बाहेर तीन दिसले तर आत दोन, हे बेरजेचे चिन्ह न शिकवताच कळू लागते. फोडलेल्या चिंचोक्यांच्या चार डाळी फासे म्हणूनही टाकता येतात. जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितकी घरे पुढे. इथे एक चूक हमखास होते: मूल सोंगटी ज्या घरात आहे तेच घर 'एक' धरते.

असले साहित्य बालशिक्षणाला नवे नाही. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला सुरू केलेल्या कामात शिंपले, बिया, खडे हेच शैक्षणिक साहित्य होते.

दहाच्या पुढे काड्या बऱ्या. दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा, उरलेल्या सुट्या. मराठीत खरी अडचण एकोणतीसशी येते: कानावर 'तीस' पडतो आणि पाटीवर 39 उमटतात. अशा वेळी तीन गठ्ठे देऊन एक काडी परत मागावी. ती देण्यासाठी एक गठ्ठा सोडावाच लागतो; समोर दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या उरतात. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' असेही वाचायला दिले, तेव्हा बराच वाद झाला. काड्या हाताळलेल्या मुलाला दोन्ही वाचने सारखीच सोपी जातात.

तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र चिंचोके देऊ नयेत, ती तोंडात किंवा नाकात घालतात. त्यांना वाट्या, चमचे आणि टोपलीतले बटाटे पुरतात.