प्रत्येकीच्या ताटात तीन चाप

आखाड संपत आला, की आमच्या चंदगड भागात घरोघरी मटणाचा बेत ठरतो. पुढे श्रावण, म्हणजे महिनाभर बंदच! आमचा पुतण्या गोव्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला आहे. पावसाळ्यात तिकडे गिऱ्हाईक कमी, म्हणून मागच्या आखाडात चार दिवस रजा काढून आला. आल्या आल्या म्हणाला, "काकू, या खेपेला मटण मी करतो. लसणातल्या बरगड्या, गोड सोया सॉस घालून."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "मटणात गूळ? आणि रस्सा कुठाय मग?"

मूळ पदार्थ चिनी पद्धतीचा, डुकराच्या बरगड्यांचा. आमच्या घरात ते चालत नाही, म्हणून बोकडाचे चाप आणले. गोड सोया सॉस गावात कुठे मिळायचा? तो म्हणाला, "काकू, इंडोनेशियात सोया सॉसमध्ये ताडाचा गूळ घालून तो करतात. आपल्याकडे तर कोल्हापुरी गूळ आहे की!" मी वही घेऊनच बसले.

साहित्य (आठ जणांसाठी) : दीड किलो चाप, तीन गड्डे लसूण, बोटभर आलं, चार मोठे चमचे सोया सॉस, तीन मोठे चमचे किसलेला गूळ, एक चमचा मिरपूड, तीन-चार सुक्या मिरच्या, एक लिंबू, मूठभर काजू, तेल.

कृती : चाप धुऊन, ठेचलेलं आलं आणि तीन वाट्या पाणी घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या काढाव्यात. मीठ घालू नये. वरचं पाणी म्हणजे आपलं अळणी. ते फेकायचं नाही. दोन वाट्या सॉससाठी ठेवून उरलेलं मुलांना प्यायला द्यावं. चाप थोड्या तेलात तांबूस परतून बाजूला काढावेत. त्याच तेलात लसूण बारीक चिरून मंद आचेवर सोनेरी करावा. करपला तर सगळा पदार्थ कडू होतो. अर्धा लसूण काढून ठेवावा. उरलेल्यात सुक्या मिरच्या, मिरपूड, सोया सॉस, गूळ आणि अळणी घालून निम्मं होईपर्यंत आटवावं. मग चाप घालून, सॉस अंगाला चिकटेपर्यंत हलवत राहावं. कॉर्नफ्लोअर लागत नाही, रंग तर नाहीच. खाली उतरवून लिंबू पिळावं, वर काढून ठेवलेला लसूण आणि काजूची भरड घालावी.

एक सांगते. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून जास्त मीठ असतं. दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून वरून मीठ घालायचं नाही. घरात कुणाला बीपी असेल तर त्यांना बेतानेच वाढायचं.

खरी गंमत पुढे झाली. आमच्याकडे आधी पुरुष आणि मुलं जेवतात, मग आम्ही. तोवर पातेल्यात रस्साच उरतो. तो पुरेना, तर त्यात तांब्याभर पाणी ओतायचं आणि भाताबरोबर खायचं. इतकी वर्षं त्यात काही वावगं वाटलं नाही. पण या पदार्थाला रस्साच नाही! पुतण्याने आठ ताटं मांडली आणि मोजून प्रत्येक ताटात तीन-तीन चाप वाढले.

"अरे, पुरुषांना आधी वाढ," जाऊबाई म्हणाल्या.

"आई, हॉटेलात प्लेट ठरलेली असते. गिऱ्हाईक बाई आहे का बापय, हे कुणी बघत नाही. तू पण बस की!"

क्षणभर कुणी बोललं नाही. मग सासऱ्यांनीच पाट सरकवला. सासूबाई आढेवेढे घेत बसल्या. मांस हाडावरून अलगद सुटत होतं, त्यामुळे दात नसूनही त्यांनी तिन्ही चाप संपवले. आणि हळूच म्हणाल्या, "लग्नानंतर पहिल्यांदाच एवढं मटण माझ्या ताटात आलं गं."

मला घास गिळवेना. त्या माउलीने पन्नासेक आखाड चुलीपुढे काढले होते, आणि मी तिची सून असून कधी तिच्या ताटाकडे बघितलं नव्हतं.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत मी मुद्दाम विचारलं, "मटण होतं त्या दिवशी तुमच्या ताटात किती तुकडे असतात?" आधी सगळ्या हसल्या. मग एकजण म्हणाली, "ताई, मी पोरांनी ठेवलेली हाडं चोखते." हसू थांबलं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याला कारणं पुष्कळ आहेत. एका आखाडाच्या मटणाने काही रक्त भरून येत नाही. पण मटण असो, अंडं असो, की मुगाची उसळ, जी शेवटी जेवते तिच्या वाट्याला उरलेलंच येतं, आणि हे तर रोजचंच आहे.

मैत्रिणींनो, बरगड्या जरूर करून बघा. घरात शाकाहारी असाल तर पनीर नाहीतर बटाटा याच सॉसमध्ये घोळवा. फक्त वाढताना एवढं करा, आधी ताटं मोजा. त्यात तुमचं ताट धरलंय ना, ते बघा, आणि मगच पळी हातात घ्या.