दुचाकीचा साक्षीदार

चेन्नईच्या अण्णा सालईवरून रोज दुचाकीने कार्यालयात जाणाऱ्यास कॅमेरा हवा असतो तो मुख्यतः अपघातप्रसंगी पुरावा म्हणून. त्यासाठी महागडे ४के चित्रण अनिवार्य नाही. १०८० पी चित्रणातही जवळच्या वाहनाचा क्रमांक दिवसाउजेडी सहसा वाचता येतो. ऑक्टोबर ते डिसेंबरमधील पाऊस पाहता कॅमेरा जलरोधक मात्र असावा. खरेदीच्या हिशेबात मेमरी कार्डही धरावे. सेकंदाला १६ मेगाबिट या वेगाने तासाभराचे चित्रण ७.२ गीगाबाइट जागा व्यापते. ६४ गीगाबाइटचे कार्ड नऊ तासांच्या आतच भरते. पुढे अनेक कॅमेरे जुने चित्रण आपोआप पुसू लागतात. म्हणून अपघातानंतर मूळ कार्ड त्वरित काढून जपावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार न्यायालयात अशा चित्रणाच्या प्रतीसोबत प्रमाणपत्रही सादर करावे लागते.