घरगुती मलवाहिन्यांची कॅमेरा तपासणी

विषय: पर्यावरण अभियांत्रिकी. घटक: मलनिःसारण व्यवस्थेची देखभाल

१. पाठाची उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यावर विद्यार्थ्यांना पुढील गोष्टी जमायला हव्यात:

- घरजोडणी तुंबण्याची प्रमुख कारणे सांगणे.
- कॅमेरा तपासणीची साधने आणि कामाचा क्रम समजावून देणे.
- पडद्यावरील चित्रावरून दोष, त्याची जागा आणि योग्य दुरुस्ती ठरवणे.
- कॅमेऱ्याला काय दिसत नाही, हे ओळखणे.

पूर्वज्ञान म्हणून मॅनिंगचे सूत्र आणि अर्धवट भरून वाहणाऱ्या नळाची संकल्पना माहीत असावी.

२. प्रस्तावना

घरातील शौचालय, नहाणी आणि स्वयंपाकघराचे सांडपाणी आवारातील चेंबरमध्ये जमते. तिथून १०० किंवा १५० मिमी व्यासाच्या नळातून ते रस्त्याखालच्या सार्वजनिक मलवाहिनीला मिळते. या शेवटच्या तुकड्याला आपण घरजोडणी म्हणू. सार्वजनिक मलवाहिनी दिल्लीत दिल्ली जल बोर्डाकडे असते. नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम येथे तेथील प्राधिकरण किंवा महानगरपालिका ती पाहते. घरजोडणी सांभाळण्याचे काम मात्र सर्वसाधारणपणे मालकाचे किंवा सोसायटीचे असते. तिचा नकाशा बहुधा कोणाकडेच नसतो.

घरजोडणी तुंबली की नेहमीचा क्रम ठरलेला आहे. आधी बांबूची पट्टी किंवा तारेची स्प्रिंग घालून ढोसतात. दोन महिन्यांनी पुन्हा तुंबते. मग कोणीतरी अंदाजाने जागा दाखवतो आणि फरशी फोडून खोदाई होते. तिथे दोष सापडला नाही तर दुसरा खड्डा पडतो. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी चेंबरच्या तोंडाशी वाकलेला असतो आणि केव्हातरी कोणीतरी आत उतरतो. म्हणून दोष नेमका कुठे आहे, हा प्रश्न पैशांपुरता नाही, माणसाच्या जिवाचाही आहे. कॅमेरा तपासणीने नळ दुरुस्त होत नाही. तिचे काम निदानाचे: दोष कोणता, किती अंतरावर, किती खोल.

३. दिल्ली परिसरातील घरजोडण्या का बिघडतात

*जुने नळ.* जुन्या वसाहतींत आणि दिल्ली विकास प्राधिकरणाच्या जुन्या सदनिकांत झिलईदार स्टोनवेअरचे नळ आहेत. हे नळ आम्लाला दाद देत नाहीत. पण ते ठिसूळ असतात, तुकडे आखूड असतात आणि दर तुकड्याला सिमेंटचा सांधा असतो. बिघाडाची सुरुवात बहुतेक वेळा सांध्यात होते.

*वाढलेला भार.* एका कुटुंबासाठी बांधलेले घर पाडून त्याच भूखंडावर वाहनतळ आणि वर चार मजले उभे राहतात. घरजोडणी अनेकदा जुनीच राहते. बांधकाम चालू असताना सिमेंटचे पाणी, वाळू आणि विटांचे तुकडे तिच्यात जातात. सिमेंट तळाशी घट्ट बसले की जेटिंगनेही निघत नाही.

*खचणारी माती.* यमुनेकाठची जमीन गाळाची आणि रेताड आहे. सांध्यातून पाणी झिरपले की नळाखालची बारीक माती वाहून जाते, नळ खचतो, सांधा आणखी उघडतो. हे चक्र सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

*मुळे.* पिंपळ, वड आणि रस्त्याकडेच्या इतर झाडांची केसासारखी मुळे ओलाव्याच्या दिशेने सांध्यात शिरतात आणि आत जाड होतात.

*पावसाचे पाणी.* दिल्लीत सांडपाणी आणि पावसाचे पाणी वेगळ्या वाहिन्यांतून नेण्याची रचना आहे. तरीही गच्चीचे पाणी मलवाहिनीत सोडलेले आढळते. मग जुलै-ऑगस्टमध्ये सार्वजनिक मलवाहिनी भरते आणि पाणी उलटे घरात येते.

गळक्या नळाचा आरोग्याशीही थेट संबंध आहे. जिथे नळाचे पाणी ठरावीक वेळच येते, तिथे पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो. शेजारीच फुटकी घरजोडणी असेल, तर सांडपाणी जलवाहिनीच्या सांध्यातून आत ओढले जाऊ शकते.

४. साधने

घरजोडणीसाठी ढकलून आत सारायचा कॅमेरा वापरतात. त्याचे मुख्य भाग असे:

- *कॅमेऱ्याचे डोके:* सुमारे २५ ते ४० मिमी व्यासाचे, जलरोधक, भोवती एलईडी दिवे. चांगल्या उपकरणात डोके फिरले तरी चित्र सरळ राहते, त्यामुळे नळाचा माथा कोणता आणि तळ कोणता हे कळते.
- *लवचीक काठी:* काचतंतूची, आत विद्युततारा असलेली, चाकावर गुंडाळलेली. लांबी साधारण ३० ते ६० मीटर.
- *अंतरमापक:* किती काठी आत गेली हे पडद्यावर दाखवतो.
- *संकेतक:* डोक्यामागे बसवलेला छोटा प्रेषक. तो बहुधा ५१२ हर्ट्झचा संकेत सोडतो. जमिनीवर शोधयंत्र फिरवून कॅमेरा नेमका कोठे आणि किती खोल आहे, हे काढता येते.

रस्त्याखालच्या मोठ्या मलवाहिनीत चाकांवर चालणारा कॅमेरा वापरतात. घरजोडणीत तो मावत नाही.

५. कामाचा क्रम

१. रहिवाशांना विचारा: पाणी कधी तुंबते, कोणत्या मजल्यावर, पावसात की बाराही महिने? उत्तर लिहून ठेवा.

२. सर्व चेंबर शोधून झाकणे उघडा, वायू निघून जाऊ द्या. तोंडाशी वाकून पाहू नका. काडी, विडी किंवा उघडी ज्योत जवळ आणू नका.

३. शक्य असेल तर आधी आहे त्याच स्थितीत एकदा कॅमेरा घाला. पाणी कुठे साचते हे तेव्हाच दिसते.

४. मग जेटिंगने नळ धुवा आणि पुन्हा कॅमेरा घाला. भेगा आणि सांधे धुतल्यावरच दिसतात.

५. चेंबरच्या भिंतीपाशी अंतरमापक शून्यावर आणा. हे विसरल्यास पुढचे प्रत्येक माप चुकते.

६. कॅमेरा सावकाश न्या, प्रत्येक सांध्याशी थांबा. दोषाची जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे नोंदवा: बारा म्हणजे माथा, सहा म्हणजे तळ.

७. दोषापाशी थांबून वरून शोधयंत्राने जागा काढा, खडूने खूण करा आणि खोली लिहा.

शौचालयाच्या भांड्यातून कॅमेरा घालणे टाळावे, कारण ट्रॅपच्या वळणात डोके अडकते. चेंबर हेच योग्य प्रवेशद्वार.

नोंदीची भाषा सर्वांची एक असावी म्हणून ब्रिटनमध्ये १९८० मध्ये दोषांच्या वर्गीकरणाची पुस्तिका निघाली. पुढे युरोप आणि अमेरिकेतही अशी मानके आली. अमेरिकी पद्धतीत दोषाला १ ते ५ श्रेणी देतात. ५ म्हणजे सर्वांत गंभीर.

६. चित्र कसे वाचावे

| पडद्यावर काय दिसते | बहुधा कारण | उपाय |
|---|---|---|
| सांध्याशी चंद्रकोरीसारखी कड | नळ सरकला आहे | कमी असल्यास लक्ष ठेवणे, जास्त असल्यास तुकडा बदलणे |
| माथ्याकडून लोंबणारे तंतू | मुळे | मुळे कापून सांधा बंद करणे किंवा अस्तर |
| तळाशी कडक, राखाडी थर | सिमेंट | यांत्रिक घासणी, न जमल्यास नळ बदलणे |
| भिंतीवर पिवळट-पांढरा थर | स्वयंपाकघरातील चरबी | जेटिंग, चरबी अडवणारे चेंबर |
| नळाचा आकार चपटा, चार भेगा | वरचा भार, खचलेली माती | खोदून नळ बदलणे |
| काँक्रीटचा माथा खडबडीत, खडी उघडी | हायड्रोजन सल्फाइडपासून बनलेले आम्ल | अस्तर किंवा बदल |

साचलेल्या पाण्याचा विचार वेगळा करायला हवा, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे होतो. कॅमेरा पाण्यात शिरला की पाहणारे लगेच म्हणतात, नळ खचला. पण पाणी कुठे सुरू होते यावरून निदान होत नाही, ते कुठे संपते हे पाहावे लागते. काही अंतरानंतर पाणी उथळ होऊन पुन्हा तळ दिसला, तर मधला भाग खचलेला आहे. पाणी वाढत वाढत थेट सार्वजनिक मॅनहोलपर्यंत गेले, तर दोष घरजोडणीत नसून पुढची मलवाहिनी तुंबली असण्याची शक्यता जास्त. पहिल्या स्थितीत खर्च मालकाचा, दुसऱ्या स्थितीत तक्रार जल बोर्डाकडे. अंतर आणि तारीख दिसणारे चित्रीकरण हाताशी असेल, तर हा वाद तोंडी राहत नाही.

७. सोडवलेले उदाहरण

समजा, चार मजली इमारतीची घरजोडणी १५० मिमी व्यासाची, १८ मीटर लांबीची आहे. दोन टोकांच्या तळपातळीत १८ सेंमी फरक आहे. दर दोन महिन्यांनी ती तुंबते. कॅमेऱ्यात ७.५ मीटरवर थोडी मुळे दिसली. ११ ते १४ मीटर या भागात पाणी साचलेले असून १२.५ मीटरवर ते सर्वांत खोल, म्हणजे सुमारे ५० मिमी आहे. १४ मीटरनंतर तळ पुन्हा दिसतो. मुख्य दोष कोणता?

मॅनिंगचे सूत्र: वे = (१/ख) × त्र^(२/३) × उ^(१/२)

येथे वे म्हणजे वेग, ख खडबडीतपणाचा गुणांक (०.०१३), त्र जलीय त्रिज्या, उ उतार.

पूर्ण भरलेल्या नळासाठी त्र = ०.१५/४ = ०.०३७५ मी. सरासरी उतार १०० ला १. म्हणून वे ≈ ०.८६ मी/से आणि पूर्ण प्रवाह सुमारे १५.२ लिटर प्रति सेकंद.

सकाळच्या गर्दीचा प्रवाह ३ लिटर प्रति सेकंद धरू. हे पूर्ण प्रवाहाच्या सुमारे ०.२ पट होते. अर्धवट भरलेल्या नळाच्या तक्त्यावरून खोली व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे ४५ मिमी, आणि वेग पूर्ण वेगाच्या ०.७८ पट, म्हणजे सुमारे ०.६७ मी/से. गाळ बसू नये म्हणून केंद्रीय नियमपुस्तिकेत सुचवलेला ०.६ मी/से वेग येथे मिळतो. म्हणजे कागदावर ही घरजोडणी निर्दोष आहे.

आता खचलेला भाग. तिथे आधीचे ५० मिमी पाणी आणि वरचा ४५ मिमी प्रवाह मिळून खोली सुमारे ९५ मिमी. व्यासाशी गुणोत्तर ०.६३, ओले क्षेत्रफळ सुमारे ०.०११८ चौ. मी. म्हणून वेग = ०.००३/०.०११८ ≈ ०.२५ मी/से. घन पदार्थ इथेच बसणार.

निष्कर्ष: मुळे दिसली तरी तुंबण्याचे मुख्य कारण ११ ते १४ मीटरमधील खचलेला भाग आहे. दोन टोकांच्या पातळ्या मोजून तो सापडला नसता, कारण सरासरी उतार बरोबरच आहे. उपाय म्हणजे तेवढेच तीन-साडेतीन मीटर खोदून, खालची माती दाबून नळ पुन्हा उतारात बसवणे. येथे नळाच्या आतून अस्तर लावण्याचा उपयोग नाही. अस्तर जुन्या नळाचाच आकार घेते, त्यामुळे खळगा तसाच राहतो.

८. मर्यादा

- पाण्याखालचे आणि गाळाखालचे कॅमेऱ्याला दिसत नाही.
- नळाबाहेर मातीत झालेली पोकळी दिसत नाही. तिचा अंदाज भेगा आणि आकारावरूनच करावा लागतो.
- उतार थेट मोजता येत नाही.
- लेन्सवर चरबी बसली की धूसर चित्रात भेग नसतानाही भेग दिसते. शंका असल्यास लेन्स पुसून पुन्हा पाहावे.
- साधा कॅमेरा स्फोटरोधक नसतो. मिथेनचा संशय असेल तिथे तो वापरू नये.

कोणाचे पाणी कुठे जाते हे कळण्यासाठी रंगीत पाण्याची चाचणी आणि बेकायदा पावसाळी जोडणी शोधण्यासाठी धुराची चाचणी पूरक ठरते.

९. सुरक्षा आणि कायदा

मॅनहोलमधील हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास सुरुवातीला येतो. सुमारे १०० पीपीएमच्या पुढे नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ५०० पीपीएमच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो. त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही, असे कधीही समजू नये. पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही याच कारणाने दगावतो. ६ ऑगस्ट २०१७ रोजी दिल्लीच्या लाजपत नगरमध्ये मलवाहिनीत तीन कामगारांचा मृत्यू झाला.

हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा २०१३ चा केंद्रीय कायदा सुरक्षा साधनांशिवाय मलवाहिनी किंवा सेप्टिक टाकी साफ करायला कोणालाही लावण्यास मनाई करतो. ही मनाई स्थानिक संस्थांपुरती नाही. कोणत्याही व्यक्तीला, म्हणजे घरमालकाला आणि सोसायटीच्या सचिवालाही, ती लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी मलवाहिनीतील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती ३० लाख केली. २९ जानेवारी २०२५ च्या आदेशाने दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद येथे हाताने मलवाहिनी साफ करण्यास मनाई केली.

विद्यार्थ्यांनो, उद्या तुम्ही साइटवर असाल तेव्हा 'एकदा माणूस उतरवून बघू या' असे कोणीतरी म्हणेल. माणूस जे बघायला उतरणार, ते बघण्यासाठीच हा कॅमेरा आहे. तो मिळेपर्यंत काम थांबवण्याचा निर्णय अभियंत्यानेच घ्यायचा असतो.

१०. सारांश

घरजोडणीचे दोष सांधे, मुळे, सिमेंट, चरबी आणि खचलेली माती यांतून येतात. कॅमेरा दोषाचा प्रकार, अंतर आणि खोली देतो. धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर अशा दोन फेऱ्या घ्याव्यात. साचलेले पाणी कुठे संपते हे पाहूनच निदान करावे. सरासरी उतार बरोबर असूनही नळ मध्येच खचलेला असू शकतो.

११. स्वाध्याय

१. धुण्यापूर्वी आणि धुतल्यानंतर कॅमेरा घालण्याचे वेगवेगळे फायदे लिहा.

२. वरील उदाहरणात साचलेल्या पाण्याची खोली ३० मिमी असती, तर खचलेल्या भागातील वेग किती आला असता?

३. पाणी फक्त पावसाळ्यात उलटते, अशी तक्रार आहे. कॅमेऱ्यात दोष आढळला नाही. पुढची कोणती चाचणी कराल आणि का?

४. आपल्या वसतिगृहाचे सर्व चेंबर झाकणे न उघडता शोधून घरजोडणीचा नकाशा काढा. अंतरे फीत लावून मोजा.