पगडीचा प्रश्न, ब्रिटनमधील

पंजाबातून ब्रिटनमध्ये स्थलांतरित झालेल्या शिखांच्या धर्माचारातून उद्‌भवलेला कायदेविषयक वाद. वुल्व्हरहॅम्प्टनच्या नगरपालिका बससेवेत दाढी व पगडी यांस मनाई होती. १९६७ मध्ये सुरू झालेला तेथील तंटा १९६९ मध्ये मनाई उठल्यावर मिटला. १९७३ मध्ये मोटारसायकलस्वारांवर शिरस्त्राणाची सक्ती झाली. नियम सर्वांना सारखा, हा युक्तिवाद वरकरणी निर्दोष होता. तथापि धर्मपालन की वाहन, असा पेच शिखांपुढेच उभा राहिला. १९७६ च्या अधिनियमाने पगडीधारी शिखांना सूट मिळाली. पुढे बर्मिंगहॅममधील एका शाळेने पगडीमुळे शीख मुलास प्रवेश नाकारला. त्या वेळच्या वंशसंबंध अधिनियमात वांशिक भेदभावास बंदी होती, धार्मिक भेदभावास नव्हती. त्यामुळे शीख हा वांशिक गटही आहे, या हाउस ऑफ लॉर्ड्‌सच्या १९८३ मधील निर्णयाला विशेष महत्त्व आले. १९८९ मध्ये बांधकामावरील शीख कामगारांनाही शिरस्त्राणातून सूट देण्यात आली. मात्र शिरस्त्राण नसल्याने जी अधिक इजा होईल, तिची भरपाई त्यांना मागता येत नाही. सवलतीची किंमत अशा रीतीने अंशतः कामगारावरच पडते. २०१५ मध्ये ही तरतूद बहुतेक सर्व कामांच्या ठिकाणी लागू झाली.